फुनाकोशी गुरुजींची तालीम

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'तालीम' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. घरात उर्दू बोलणारी वडीलधारी मंडळी मुलांच्या तालमीची काळजी करतात, तेव्हा त्यांना शिक्षण अभिप्रेत असते. तोच शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांपुढे लाल मातीचा आखाडा उभा राहतो. शब्द एकच, पण आपण त्याचे दोन तुकडे करून टाकले आहेत. पुस्तक वाचणारा मुलगा एका बाजूला आणि अंग कमावणारा मुलगा दुसऱ्या बाजूला. पहिला हुशार, दुसरा दांडगट, असे आपण मनाशी ठरवूनही टाकलेले असते.

गेल्या वर्षभरात बऱ्याच पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, मुलगा कराटेच्या क्लासला जायचा हट्ट धरून बसला आहे. पाठवू का? अभ्यास बुडणार नाही ना? आणि उद्या मोहल्ल्यात मारामाऱ्या करत हिंडला तर?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आज एका माणसाच्या चरित्रातून देणार आहे. शोतोकान या नावाने कराटेची जी शैली जगभर शिकवली जाते, तिचे जनक गिचिन फुनाकोशी हे ते गृहस्थ. ते पहिलवान नव्हते. ते सैनिकही नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. म्हणून मी त्यांना फुनाकोशी गुरुजी म्हणणार आहे.

जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचे बेट आहे. पूर्वी तेथे र्युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते आणि शुरी ही त्याची राजधानी होती. या शुरी गावी १८६८ साली गुरुजींचा जन्म झाला. घराणे खानदानी, पण बेताच्या परिस्थितीचे. मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्माला आले आणि इतके अशक्त निघाले, की हे फार दिवस जगणार नाही असे घरच्यांनाच वाटे. ते आजोळी वाढले. आजोबांनी त्यांना चिनी अभिजात ग्रंथांचे धडे दिले.

शाळेत त्यांचा एक सोबती होता. त्याचे वडील आन्को असातो हे ओकिनावातील नामांकित कराटे उस्ताद होते. हा किरकोळ अंगाचा मुलगा मित्राच्या वडिलांकडे शिकू लागला. पुढे आन्को इतोसु या दुसऱ्या थोर उस्तादांचाही त्यांना सहवास लाभला. त्या काळी ही विद्या उघडपणे शिकवत नसत. रात्री सगळे निजले, की हातात मिणमिणता कंदील घेऊन ते उस्तादांच्या घराची वाट धरत आणि पहाटे परत येत. हा तरुण रोज रात्री जातो तरी कुठे, याविषयी शेजाऱ्यांनी भलतेच तर्क केले. गुरुजींनी कधी खुलासा केला नाही.

आणि शिकवणे तरी कसे? 'काता' म्हणजे कराटेतील ठरावीक हालचालींची मालिका. अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायची. उस्ताद बसून पाहत आणि "पुन्हा कर" एवढेच म्हणत. शाबासकी क्वचितच मिळे. एक काता पूर्ण अंगात मुरल्याशिवाय पुढची दाखवत नसत. तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली! विद्यार्थी मित्रांनो, मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. आज एक धडा एकदा वाचून "झाला सर" म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षे जरा आठवावीत. या सरावाचे फळ काय मिळाले? जो मुलगा जगेल की नाही अशी शंका होती, त्याची प्रकृती सुधारली आणि तो अठ्ठ्याऐंशी वर्षे जगला.

तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचे होते. टोकियोच्या वैद्यकीय शाळेची प्रवेशपरीक्षा ते उत्तीर्णही झाले. परंतु एक अडचण आडवी आली. डोक्यावर केसांचा बुचडा बांधणे ही जुन्या घराण्यांची शान होती. जपानच्या नव्या सरकारने हा रिवाज मोडीत काढला होता आणि बुचडा असलेल्याला त्या शाळेत प्रवेश नव्हता. घरची माणसे जुन्या वळणाची. बुचडा कापायला त्यांचा सक्त विरोध. डॉक्टरकीचे स्वप्न तिथेच संपले. पुढे १८८८ साली शाळेत साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली, तेव्हा मात्र बुचडा कापल्यावाचून गत्यंतर नव्हते. नव्या वेषात मुलगा घरी आला, तर वडील संतापले आणि आई मागल्या दाराने निघून माहेरी गेली.

पालकहो, हा प्रसंग वाचताना मी थबकलो. आपल्याही समाजात नव्या शिक्षणाला असा विरोध झालाच की नाही? मुलाने आईवडिलांचा अपमान केला नाही. वाद घातला नाही. शिक्षक होऊन त्याने साऱ्या घराचा भार उचलला. दहा माणसांचे कुटुंब आणि तुटपुंजा पगार! त्यांची पत्नी दूरच्या गावी जमिनीच्या तुकड्यावर भाजी पिकवी, रात्री कापड विणी आणि तशातून वेळ काढून कराटेचा सरावही करी. शेजारी भांडणे झाली की ती मिटवायला लोक या बाईंनाच बोलावीत. "मुलींना कशाला हवे कराटे?" असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे, की शोतोकानच्या पहिल्या घरातली बाई कराटे करत होती.

नोकरीत बढतीची संधी आली. पण बढती घ्यायची तर दूरच्या भागात जावे लागणार आणि आपले दोन्ही उस्ताद अंतरणार. गुरुजींनी बढती नाकारली. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय आतबट्ट्याचा होता. विद्येच्या दृष्टीने तोच फायद्याचा ठरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांतून कराटे शिकवण्यास परवानगी मिळाली. रात्री लपूनछपून करायची विद्या दिवसाउजेडी शाळेच्या पटांगणावर आली. यात इतोसु यांचा वाटा फार मोठा. त्यांनी मुलांना झेपतील अशा सोप्या काता रचल्या आणि १९०८ साली कराटेच्या उपयोगाविषयी दहा कलमांचे पत्र शिक्षण खात्याला लिहिले. १९२१ साली जपानचे युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात उतरले. शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यापुढे मुलांनी कराटेची प्रात्यक्षिके केली. त्यांचे नेतृत्व गुरुजींकडे होते.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२२ साली, टोकियोत शिक्षण खात्याने शारीरिक शिक्षणाचे प्रदर्शन भरवले आणि ओकिनावाच्या वतीने गुरुजींना पाठवण्यात आले. वयाची पन्नाशी उलटून गेली होती. काम आटोपून घरी परतायचे, असा बेत होता. परंतु ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावले. पाठोपाठ होआन कोसुगी या चित्रकाराने शिकवण्याची गळ घातली. गुरुजी टोकियोत राहिले. पत्नी मात्र पूर्वजांचे घर सोडून आली नाही.

राहण्याची सोय झाली ती ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात. राहण्याच्या मोबदल्यात गुरुजी तेथे रखवालदारी करीत, खोल्या झाडीत, बागेची निगा राखीत. जेवणाच्या खर्चाची ओढाताण होई, म्हणून वसतिगृहाच्या आचाऱ्यालाच त्यांनी कराटे शिकवायला घेतले आणि त्या बदल्यात जेवणात सवलत मिळवली. एकदा वर्तमानपत्राचा बातमीदार आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारले, "कराटेचे शिक्षक फुनाकोशी कुठे भेटतील?" "थांबा हं," म्हणून म्हातारा आत गेला, कपडे बदलून दारात आला आणि अदबीने म्हणाला, "मीच फुनाकोशी." बातमीदार बघतच राहिला.

मित्रहो, गुरुजींना त्या झाडूची लाज वाटली नाही. पाहुण्यासमोर नीटनेटके जायचे म्हणून त्यांनी कपडे बदलले. आपण झाडत होतो हे लपवण्यासाठी नव्हे.

त्याच १९२२ साली कराटेवरचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. पुढच्या वर्षी, १९२३ च्या सप्टेंबरात, टोकियोचा भीषण भूकंप झाला आणि पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट झाले. काही शिष्य दगावले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १९२४ साली त्यांनी आपल्या शिष्यांना प्रथमच काळे पट्टे दिले. ही पद्धत त्यांनी ज्युदोकडून घेतली. त्याच वर्षी केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ स्थापन झाले आणि मग एकामागून एक विद्यापीठांत ही विद्या पसरली.

नावाचीही एक कथा आहे. 'कराटे' हा शब्द पूर्वी ज्या अक्षरांनी लिहीत, त्याचा अर्थ 'चिनी हात' असा होई. गुरुजींनी 'करा'चे अक्षर बदलले. उच्चार तोच राहिला, अर्थ झाला 'रिकामा हात'. ओकिनावातल्या अनेकांना हे रुचले नाही. त्या काळी जपानात चीनविरोधी वारे वाहत होते आणि असा बदल त्या वाऱ्याला सोयीचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुरुजींनी स्वतः दिलेले कारण असे, की ज्याच्या हातात शस्त्र नाही आणि मनात स्वार्थ नाही, तो खरा रिकामा.

शिष्यांनी आणि चाहत्यांनी देशभरातून वर्गणी जमवून १९३० नंतरच्या दशकात टोकियोत त्यांच्यासाठी वास्तू उभारली. तरुणपणी गुरुजी शुरीजवळच्या डोंगरावर फिरायला जात. पाइन वृक्षांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ ऐकत ते कविता रचत आणि 'शोतो' म्हणजे पाइनच्या लाटा, हे त्यांचे टोपणनाव होते. 'कान' म्हणजे सभागृह. दारावर पाटी लागली, शोतोकान. स्वतःच्या नावाची वेगळी शैली काढावी, असे त्यांच्या मनात नव्हते. कराटे एकच आहे, असेच ते मानीत.

१९४५ साली बॉम्बहल्ल्यात ही वास्तू जळून गेली. किती तरी शिष्य युद्धात मारले गेले. त्याच वर्षी त्यांचा कर्तबगार मुलगा योशिताका क्षयाने गेला. ओकिनावा उद्ध्वस्त झाले. निर्वासित होऊन क्यूशू बेटावर आलेल्या पत्नीजवळ गुरुजी जाऊन राहिले. १९४७ साली तीही वारली. तिच्या अस्थी घेऊन हा वृद्ध शिक्षक टोकियोला निघाला, तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर त्यांचे जुने शिष्य सांत्वनासाठी उभे होते. शिक्षकाची कमाई म्हणतात ती हीच.

आता त्यांच्या आयुष्यातले दोन प्रसंग सांगतो. माझ्या भाषणाचे सार त्यांतच आहे.

पहिला तरुणपणीचा. पत्नीच्या माहेरी पूर्वजांपुढे ठेवण्यासाठी मिठाई घेऊन ते रात्री चालले होते. निर्जन जागी दोघा दांडगटांनी अडवले. आधी तंबाखू मागितली, मग मिठाई. गुरुजींच्या अंगी दोघांनाही लोळवण्याची ताकद होती. त्यांनी मुकाट्याने मिठाई देऊन टाकली. पुढे असातो उस्तादांना ही हकीकत कळली, तेव्हा शाबासकी देण्यात अत्यंत कंजूष असलेल्या त्या गृहस्थांनी शिष्याची पाठ थोपटली.

दुसरा प्रसंग म्हातारपणीचा, युद्ध संपल्यानंतरचा. वय ऐंशीच्या घरात. रात्री घरी परतताना एका लुटारूने त्यांच्यावर झडप घातली. गुरुजींनी वार चुकवला आणि त्याला असा पकडला की त्याला हलता येईना. पोलीस आला, चोर ताब्यात गेला. आपण असतो तर वर्षभर ही फुशारकी सांगत सुटलो असतो. गुरुजींना मात्र लाज वाटली. तो माणूस बहुधा युद्धावरून परतलेला, हलाखीने वाटमारीस लागलेला सैनिक असावा, असे त्यांना वाटले. शिष्यांना जे करू नका म्हणून जन्मभर सांगितले, तेच आपण केले, याची खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

मिठाई गमावली तेव्हा शाबासकी, आणि चोर पकडला तेव्हा खंत! अशी विद्या मुलाला दांडगट कशी करील?

वाचन वेगळे आणि वागणे वेगळे, याचा अनुभव मला स्वतःला आला आहे. तो सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे करणे मला योग्य वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आठवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलाला लाथ मारली. तो नुकताच कराटेच्या क्लासला जाऊ लागला होता. मार खाल्लेल्या मुलाच्या ओठातून रक्त येत होते. मी त्या पहिल्याला वर्गासमोर उभे केले, "दुसऱ्यावर हात उचलू नये, कळते का?" असे ओरडलो आणि ओरडता ओरडता त्याच्या थोबाडीत दिली. शिक्षकाने विद्यार्थ्याला मारू नये, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. बी. एड. झालेल्या मला तो पाठ होता. पाठ असणे आणि अंगात मुरणे यांत दहा वर्षांचे अंतर असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी एका स्नेह्याने गुरुजींचे आत्मचरित्र इंग्रजी भाषांतरात वाचायला दिले. लुटारूचा तो प्रसंग वाचला आणि मला झोप येईना. ऐंशी वर्षांच्या माणसाला चोराला पकडल्याची लाज वाटते, आणि मी तेरा वर्षांच्या पोराला मारून शिस्त शिकवली म्हणून समाधानात होतो! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी म्हणालो, "त्या दिवशी मी मारले, ती माझी चूक झाली." तो मुलगा काही बोलला नाही, मान खाली घालून बसून राहिला. पण त्या दिवसापासून मी वर्गात कोणावर हात उचललेला नाही. एकदोनदा हात वर गेला खरा. तो मी फळ्याकडे वळवला.

२६ एप्रिल १९५७ रोजी गुरुजींचे निधन झाले. त्यांच्या वारशाबद्दल केवळ गोड बोलून चालणार नाही. त्यांचे शिष्य आपसांत भांडले. अंत्यविधीच्या मानावरूनही दोन गट पडले. गुणांच्या स्पर्धांविषयी गुरुजी नाखूश होते, तरी त्याच १९५७ साली मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली प्रत्यक्ष भरलेल्या सामन्यांत, कराटेचा समावेश झाला आणि काताचे पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्यो कियुना यांनी जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते. पदके येतात आणि जातात. कामाकुरा येथील एंगाकुजी मंदिराच्या आवारात १९६८ साली गुरुजींचे स्मारक उभारले गेले. कराटे जाणणाऱ्याने पहिला हात उगारू नये, ही त्यांची शिकवण त्या दगडावर कोरलेली आहे.

तेव्हा पालकहो, मुलाला आणि मुलीलाही क्लासला जरूर पाठवा. पण आधी तुम्ही स्वतः जाऊन तासभर बसा. तेथे नमस्काराने सुरुवात होते की आरडाओरडीने, ते पाहा. मोठा मुलगा लहानाशी कसा वागतो, ते पाहा. सहा महिन्यांत पट्टा देतो म्हणणाऱ्यापेक्षा "पुन्हा कर" म्हणणारा शिक्षक निवडा. आणि घरी आपण स्वतः मुलांवर हात उचलत असू, तर जगातला कोणताही क्लास त्यांना हे शिकवू शकणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अशक्त म्हणून, गरीब म्हणून, एका परीक्षेची वाट बंद झाली म्हणून कोणी खचू नका. डॉक्टर होता आले नाही, म्हणून फुनाकोशी शिक्षक झाले. आणि शिक्षक झाले म्हणूनच त्यांची विद्या जगभर गेली. आपल्या घरांतून शिकवतात, की सलाम करण्यात नेहमी पहिले असावे. त्याला गुरुजींची शिकवण जोडा. सलामात पहिले व्हा, हात उगारण्यात होऊ नका. एवढे जमले, तर तालीम या शब्दाचे दोन्ही तुकडे तुमच्यापुरते जुळले असे मी समजेन.